पाहुण्यांच्या वहीतलं गाव

आमाल्फीच्या किनाऱ्यावर ऐन उन्हाळ्यात मोटार चालवायची तर आधी कॅलेंडर बघावं लागतं. व्हिएत्री ते पोझितानो हा रस्ता कड्याला धरून, समुद्राच्या डोक्यावरून जातो. तो इतका अरुंद आहे, की वळणावर दोन बस समोरासमोर आल्या म्हणजे एकीला मुकाट्यानं मागे सरकावं लागतं. यावर उतारा म्हणून २०२२ पासून तिथं सम-विषमचा नियम आला. ऑगस्टभर आणि गर्दीच्या सुट्ट्यांना, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, एका दिवशी सम क्रमांकाच्या गाड्या आणि दुसऱ्या दिवशी विषम. भाड्यानं घेतलेली गाडीही त्यातून सुटत नाही. सूट आहे ती स्थानिकांना, आणि हॉटेलात खोली राखून ठेवलेल्या पाहुण्याला. त्यालाही ती येण्याच्या आणि जाण्याच्या दिवसापुरतीच.

पाहुण्याला वाट मोकळी करून देण्याची ही रीत या डोंगरावर काही नवी नाही. आमाल्फीपासून सहा-सात किलोमीटर वर, साडेतीनशे मीटरवर वसलेलं राव्हेल्लो हे गाव गेली दीडशे वर्षं तिच्यावरच उभं आहे. वस्ती अडीच हजारांच्या आत. समुद्र सगळीकडून दिसतो, हाताला मात्र कुठूनच लागत नाही. तरीही इटलीच्या दक्षिणेतली काही अतिशय महागडी हॉटेलं याच बिनकिनाऱ्याच्या गावात आहेत, आणि त्यांतली बहुतेक आठशे-नऊशे वर्षांपूर्वी बांधलेल्या वाड्यांत आहेत. इथं ‘स्मारकं बघायची’ आणि ‘हॉटेलं बघायची’ असे दोन वेगळे कार्यक्रम आखता येत नाहीत. एकाच भिंतीच्या या बाजूला तिकीटखिडकी असते, त्या बाजूला रिसेप्शन.

आमाल्फीच्या बंदरावरून निघालेली बस द्रागोने नावाच्या दरीच्या कडेनं चढू लागते. रस्ता एकेरी होतो तिथं सिग्नल आहे. वरची बस खाली येईपर्यंत खालची थांबून राहते, आणि तोवर प्रवाशांना लिंबांच्या बागा बघायला निवांत वेळ मिळतो. डोंगर तासून केलेल्या पायऱ्या, त्यांना आधार द्यायला बिनचुन्याचे दगडी बांध, आणि त्यांवर चेस्टनटच्या खांबांचे मांडव. त्या मांडवांवर लांबट, टोकदार, जाड सालीची लिंबं. गावापाशी बोगद्याच्या तोंडाशी बस थांबते. माथेरानसारखं इथंही पुढचं सगळं पायी.

बोगदा संपतो तो थेट चौकात, आणि चौकाच्या एका अंगाला कॅथीड्रल. बाहेरून ते इतकं साधं, पांढरं आणि गप्प आहे, की कॉफीच्या टेबलांकडे लक्ष असलेला माणूस त्याच्यासमोरून सहज निघून जाईल. १०८६ मध्ये पोपनं राव्हेल्लोला स्वतःचा बिशप दिला, त्या सुमारास ते उभं राहू लागलं. खालच्या आमाल्फीच्या वर्चस्वातून निसटण्याची या गावाची धडपड त्यामागे होती. बारीसानो दा त्रानी या कारागिराचे ब्राँझचे दरवाजे ११७९ चे. त्यांवर चौपन्न चौकटी आहेत. संत आहेत, धनुर्धारी आहेत, गदा घेऊन झुंजणारे योद्धेही आहेत. हे दरवाजे गावानं कर्ज काढून आणले नव्हते. एका श्रीमंत घराण्यानं ते देवाला वाहिले, आणि आपलं नाव त्यावर घालायला ते विसरलं नाही.

आत गेल्यावर मात्र थांबावंच लागतं. उजव्या हाताला उंच व्यासपीठ आहे. सहा पिळदार खांबांवर ते तोललंय आणि प्रत्येक खांब एकेका सिंहाच्या पाठीवर रोवलाय. हे सिंह बसलेले नाहीत, चालत आहेत. पुढचा पाय उचललेला, बरगड्या दिसतायत, तोंड किंचित उघडं. खांबांच्या पिळावरून सोनेरी, निळ्या आणि लाल काचेच्या तुकड्यांची नक्षी वर चढत गेली आहे. १२७२ मध्ये फोज्जाच्या निकोलो दी बार्तोलोमेओनं हे घडवलं. पैसे दिले निकोला रुफोलोनं. त्यानं शिलालेखात स्वतःचं, घरच्यांचं आणि शिल्पकाराचंही नाव कोरून घेतलं. त्या काळात कारागिराचं नाव दगडावर येणं ही थोडीथोडकी गोष्ट नव्हती.

समोरच्या बाजूला, या व्यासपीठाहून शंभराहून जास्त वर्षं जुनं दुसरं व्यासपीठ आहे. ते बुटकं आहे, आणि त्याच्या जिन्याच्या दोन अंगांना बायबलातली योना आणि माशाची गोष्ट मोझेकमध्ये मांडलेली आहे. मासा म्हणजे खरंतर पंख असलेला, शेपटीला वेटोळी घातलेला राक्षस. एका बाजूला योनाचे पाय तेवढे बाहेर आहेत, दुसऱ्या बाजूला तो हात पसरून बाहेर येतो आहे. सोनेरी सिंहांसमोर लोक मोबाइल उंचावतात. या हिरव्या राक्षसाकडे फारसं कुणी बघत नाही. खरं म्हणजे दोघांत जिवंत तोच वाटतो.

याच देवळात संत पांतालेओनेचं रक्त म्हणून जपलेला अवशेष आहे. २७ जुलैला, संताच्या दिवशी, ते पातळ होतं अशी श्रद्धा. त्या रात्री शोभेच्या दारूचे आवाज खाली किनाऱ्यावरच्या मिनोरी गावापर्यंत जातात.

रुफोलोंकडे पुन्हा वळायला हवं, कारण गावातलं दुसरं मोठं ठिकाण त्यांच्याच नावाचं आहे, व्हिला रुफोलो. राव्हेल्लोच्या घराण्यांनी पैसा मिळवला तो लोकरीत, दर्यावर्दी व्यापारात आणि सावकारीत. रुफोलो यांत पुढे होते. नेपल्सच्या आंजू घराण्यातल्या राजांना ते कर्ज देत, कर गोळा करण्याचे मक्ते घेत. व्यासपीठाला अवघी अकरा वर्षं होतात न होतात तोच, १२८३ मध्ये, अफरातफरीचा ठपका ठेवून घराण्यातल्या कर्त्या पुरुषांना पकडलं गेलं. लोरेन्झो रुफोलोला तर देहदंड झाला. ऋणको राजा असेल तर वसुली कशी होते, याचा हा नमुना.

सत्तरेक वर्षांनी बोकाच्चोनं ‘देकामेरॉन’मध्ये याच घराण्याचं नाव घेऊन एक गोष्ट सांगितली. तिच्यातला लांदोल्फो रुफोलो आहे तो पैसा दुप्पट करायला जातो, बुडतो, चाचेगिरी करून पुन्हा श्रीमंत होतो, मग स्वतःच लुटला जातो. शेवटी एका पेटीला धरून तरंगत कॉर्फू बेटाच्या किनाऱ्याला लागतो, आणि ती पेटी जडजवाहिरानं भरलेली निघते. गोष्टीतल्या रुफोलोला तरी दैवानं हात दिला.

गावाला तो मिळाला नाही. आमाल्फीचा व्यापार आटला, घराणी नेपल्सकडे सरकली, वाड्यांचे वासे कोसळले. १८१८ मध्ये बिशपचं पीठही गेलं आणि राव्हेल्लो पुन्हा आमाल्फीच्या हाताखाली आलं. रुफोलोंच्या वाड्यात वर्षाच्या दिवसांहून जास्त खोल्या होत्या असं लोक सांगत. एकोणिसाव्या शतकात त्यातल्या बऱ्याचशांना छप्पर उरलं नव्हतं.

त्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सिस नेव्हिल रीड हा स्कॉटिश गृहस्थ इथं आला आणि त्यानं तो पडका वाडा विकत घेतला. माणूस पैसेवाला, झाडापेडांचा नाद असलेला. मिकेले रुज्जेरो या वास्तुतज्ज्ञाला त्यानं हाताशी धरलं. हाच रुज्जेरो पुढे पाँपेईच्या उत्खननाचा प्रमुख झाला. त्यांनी सुमारे तीस मीटरचा मनोरा सावरला, एकमेकींत गुंतलेल्या कमानींचं छोटं अंगण होतं तसं उभं ठेवलं, आणि पडझडीच्या जागी ताटवे, ताड, पाइन अशी बाग लावली. आज जगभरच्या पोस्टकार्डांवर दिसणारा छत्रीसारखा पाइन, त्याखाली आनुन्त्सियाता चर्चचे जुळे घुमट आणि मागे निळा समुद्र ही चौकट रीडच्या बागेतलीच. दगड मध्ययुगातले, नजर व्हिक्टोरियन.

जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर २६ मे १८८० रोजी या बागेत पोचला. तेव्हा तो नेपल्सला मुक्कामाला होता. ‘पार्सिफाल’ या ऑपेराचं काम चालू होतं, आणि दुसऱ्या अंकातली जादूगार क्लिंग्झोरची बाग रंगमंचावर दिसावी कशी, हे काही ठरत नव्हतं. आमाल्फीहून बायको कोझिमा आणि चित्रकार पाउल फॉन झुकोव्हस्की यांच्यासह तो गाढवांवर बसून वर आला. बाग पाहिली, आणि पाहुण्यांच्या वहीत लिहून टाकलं की क्लिंग्झोरची बाग आपल्याला सापडली. झुकोव्हस्कीनं रेखाटनं केली. १८८२ च्या जुलैत बायरॉइटमध्ये पडदा वर गेला तेव्हा जर्मन प्रेक्षकांसमोर अरबी वळणाच्या कमानींचं राव्हेल्लो उभं होतं.

या एका भेटीवर गाव किती जगलं याचा हिशेब कुणी मांडलेला नाही, पण मांडण्यासारखा आहे. त्या वेळी पालुम्बो कुटुंबाचं अतिथीगृह सुरू होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. बाराव्या शतकातल्या कॉन्फालोने वाड्यात ते हॉटेल आजही आहे. १८९३ मध्ये पांतालेओने कारुझोनं दाफ्लित्तो घराण्याच्या अकराव्या शतकातल्या वाड्यात काही खोल्या घेऊन पाहुणे ठेवायला सुरुवात केली. सास्सो घराण्याचा बाराव्या शतकातला वाडाही हॉटेल झाला. तो मध्ये बरीच वर्षं बंद पडून १९९७ मध्ये पुन्हा उघडला, आणि आता पालात्सो आविनो या नावानं ओळखला जातो. घराणी बदलली, पण वाड्यांचा धंदा त्यांच्या मूळ मालकांना अनोळखी वाटला नसता. बाहेरचा पैसा डोंगरावर आणायचा, एवढंच तर त्यांनीही केलं होतं.

कारुझो कुटुंबानं आणखी एक गोष्ट केली, आणि तिच्यामुळे वाग्नरची एका दुपारची भेट कायमची कमाई झाली. १९५३ मध्ये, वाग्नरच्या मृत्यूला सत्तर वर्षं झाली तेव्हा, हॉटेलवाला पाओलो कारुझो आणि प्रांताच्या पर्यटन मंडळाचे जिरोलामो बोत्तिलिएरी यांनी मिळून व्हिला रुफोलोच्या बागेत वाग्नरच्या संगीताचे कार्यक्रम ठरवले. बागेत एवढा वाद्यवृंद मावणार कुठे? त्यांनी मंच बागेच्या कठड्याबाहेर, सरळ दरीवर काढला. तेव्हापासून उन्हाळ्याआधी खालून लोखंडी सांगाडा चढवायचा, त्यावर फळ्या टाकायच्या आणि मोसम संपला की उतरवायचा, असा शिरस्ता पडला. ऑगस्टमधल्या एका मैफलीला तर पहाटेच्या अंधारात सुरुवात होते आणि ती चालू असताना सूर्य उगवतो. श्रोत्यांना वादकांच्या पाठीमागे फक्त आकाश आणि पाणी दिसतं.

आज कारुझो कुटुंबाचं नाव पाटीवर आहे. हॉटेल मात्र बड्या साखळीच्या हाती गेलं, २००५ मध्ये नव्यानं उघडलं, आणि ती साखळी २०१९ मध्ये फ्रान्सच्या एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या उद्योगसमूहानं घेतली. गावातल्या सर्वांत उंच जागांपैकी एका जागी त्याचा पोहण्याचा तलाव आहे. त्याचा काठ दिसू नये अशी रचना केली आहे, पाणी थेट क्षितिजाला मिळाल्यासारखं वाटावं म्हणून. त्याची छायाचित्रं वाड्याच्या छायाचित्रांहून कितीतरी जास्त निघतात.

चौकातून दहा-पंधरा मिनिटांची, पायऱ्यापायऱ्यांची वाट व्हिला चिम्ब्रोनेकडे जाते. हे गावातलं सर्वांत लबाड स्मारक, हे कौतुकानंच म्हणायला हवं. अर्नेस्ट बेकेट हा इंग्रज बँकर आणि राजकारणी १९०४ मध्ये ही ओसाड जागा विकत घेऊन बसला. पुढच्याच वर्षी काकाच्या मागे त्याला लॉर्ड ग्रिमथॉर्प ही पदवी मिळाली. काका म्हणजे लंडनच्या बिग बेनच्या घड्याळाची यंत्रणा आखणारा तो एडमंड बेकेट. पुतण्याला घड्याळाची पर्वा नव्हती. त्यानं निकोला मान्सी या गावच्याच माणसाला कामाला लावलं. कुणी त्याला न्हावी म्हणतं, कुणी शिंपी. शिकलेला वास्तुविशारद तो नक्कीच नव्हता. या दोघांनी मिळून अरबी कमानी, गॉथिक तळघर, नॉर्मन बुरूज, रोमन देवतांची मंदिरं, जिथून जे आवडलं ते आणून बसवलं. फिरणाऱ्याला वाटतं आपण बाराव्या शतकात आहोत, आणि हाताखालचा दगड असतो विसाव्यातला.

बागेच्या टोकाला ती प्रसिद्ध गच्ची आहे. कठड्यावर संगमरवरी अर्धपुतळे ओळीनं मांडलेले, कुणाचं नाक गेलेलं, कुणाच्या गालावर शेवाळ. त्यांच्यामागे काहीच नाही. साडेतीनशे मीटरची पोकळी आणि मग समुद्र. स्वच्छ दिवशी आकाश आणि पाणी यांच्यातली रेघ पुसली जाते. लेखक गोर विडालला एकदा जगातली सर्वांत सुंदर जागा विचारली तेव्हा त्यानं हीच सांगितली होती. अर्थात त्याचा त्यात थोडा हितसंबंध होता. बेकेटच्या मुलीनं याच कड्याच्या पोटात बांधलेलं ‘ला रोन्दिनाया’ हे घर त्यानं १९७२ मध्ये घेतलं आणि तो तीसेक वर्षं तिथं राहिला. बेकेट स्वतः १९१७ मध्ये गेला. त्याच्या अस्थी बागेतल्याच बॅकसच्या मंदिरात आहेत.

चिम्ब्रोनेच्या पाहुण्यांची यादी वाचताना मात्र जरा सावध राहावं. १९३८ मध्ये अभिनेत्री ग्रेटा गार्बो वाद्यवृंद-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्हस्कीबरोबर इथं लपून राहायला आली आणि वार्ताहरांनी फाटकाबाहेर तळ ठोकला, हे खरं. तशी पाटीच भिंतीवर आहे. डी. एच. लॉरेन्स राहून गेला, हेही खरं. पण त्यानं ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ इथं लिहिली असं कुणी सांगू लागलं तर हसून सोडून द्यावं. ती कादंबरी फ्लॉरेन्सजवळच्या व्हिला मिरेंदात लिहिली गेली. लॉरेन्स राव्हेल्लोला आला तो अर्ल आणि आकसा ब्रूस्टर या अमेरिकी चित्रकार दांपत्याकडे. दोघं बुद्धाच्या विचारानं भारलेली. अर्लनं बुद्धचरित्रही लिहिलं. १९२७ च्या वसंतात लॉरेन्स आणि अर्ल इथूनच एट्रस्कन लोकांची थडगी पाहायला निघाले. पुढे, १९३५ मध्ये, ब्रूस्टर दांपत्य थेट अल्मोड्याला येऊन राहिलं आणि दोघांचाही शेवट तिथंच झाला. भूमध्य समुद्रावरची ही गच्ची सोडून कुमाऊँचे डोंगर निवडणारी माणसंही होती, हे चिम्ब्रोनेच्या पाट्यांवर कुठे लिहिलेलं नाही.

१९६० मध्ये ही जागा व्हुइलेमिये कुटुंबाकडे गेली आणि ती आता हॉटेल आहे. बाग तिकीट काढून कुणालाही बघता येते, खोल्या अर्थातच नाहीत.

राव्हेल्लोच्या पाहुण्यांमध्ये एक राजाही होता, नाइलाजानं आलेला. दुसऱ्या महायुद्धात मुसोलिनी पडल्यावर इटलीचं सरकार काही काळ सालेर्नोत बसत होतं. रोम मुक्त झालं आणि दुसऱ्याच दिवशी, ५ जून १९४४ रोजी, तिसऱ्या व्हिक्टर इमान्युएलनं राव्हेल्लोच्या व्हिला एपिस्कोपियोत मुलाकडे अधिकार सोपवण्याच्या कागदावर सही केली. दोन वर्षांनी सार्वमतात राजेशाहीच गेली. १९६२ च्या ऑगस्टमध्ये त्याच व्हिलात जॅकलिन केनेडी छोट्या कॅरोलिनला घेऊन राहिल्या. गावाच्या आठवणीत कुणाचा मुक्काम जास्त ठसला, हे दुकानांतली छायाचित्रं बघून कळतं. राजा तिथं शोधावा लागतो.

या नामावळीत एक तरुण डच चित्रकार सहसा मागे राहतो. मॉरिट्स एशर १९२३ मध्ये इथल्या एका अतिथीगृहात उतरला होता. त्याच घरात स्वित्झर्लंडहून आलेलं उमिकर कुटुंब होतं, त्यांची मुलगी येट्टा त्याला भेटली, आणि पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. खालच्या आत्रानी गावाची एकावर एक चढलेली घरं त्यानं आधी शिळाछापात उतरवली. मग १९३७ च्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये त्याच घरांचे हळूहळू घन ठोकळे करून टाकले. आमाल्फीहून वर येणाऱ्या बसच्या खिडकीतून आत्रानी दिसतं तेव्हा त्याला फार काही करावं लागलं नसेल, असंच वाटतं.

गावात एकच मोठी नवी इमारत आहे आणि तीही पाहुण्यानंच काढलेली. उघड्यावरच्या संगीत महोत्सवाला पावसाळी दिवसांत छप्पर हवं, म्हणून समाजशास्त्रज्ञ दोमेनिको दे मासी यांनी आपला मित्र, ब्राझीलचा वास्तुविशारद ऑस्कर निमायर याच्याकडून आराखडा मागवला. डोळ्याच्या पापणीसारखं पांढरं कवच, आत चारशे खुर्च्या. पर्यावरणवादी संघटनांमध्येही फूट पडली, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि २९ जानेवारी २०१० रोजी ते एकदाचं उघडलं तेव्हा निमायर एकशे दोन वर्षांचा होता. इमारत देखणी आहे. पण रुफोलोच्या बागेत दरीवर टांगलेल्या फळ्यांशी तिची स्पर्धा होऊ शकत नाही, हे तिच्या समर्थकांनाही मान्य असावं.

आता मोठा ओघ लग्नांचा आहे. परदेशी जोडपी इथं येऊन लग्नं लावतात, नगरपालिकेच्या नोंदणीसह. विराट कोहली आणि अनुष्का शर्मानं २०१७ मध्ये टस्कनीत लग्न केलं, तेव्हापासून भारतीय घरांतही इटलीतल्या लग्नाचं नाव निघू लागलं. राव्हेल्लोत शनिवारी चौक ओलांडताना नवरीच्या झग्यावर पाय पडणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

या सगळ्या नावांत जी नावं नाहीत ती बागांमध्ये होती. ट्रॅक्टर चढू शकत नाही असल्या पायऱ्यांवरून लिंबं खाली आणायचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केलं. पन्नास-साठ किलोंच्या करंड्या खांद्यावर, शेकडो पायऱ्या, दिवसातून कितीतरी फेऱ्या. किनाऱ्यावर त्यांना ‘फोर्मिकेल्ले’, म्हणजे मुंग्या म्हणत. हॉटेलच्या मेनूवर लिंबाच्या केकचा दर वाचताना ही माहिती हाताशी असावी. या बागांची मशागत परवडेनाशी होऊन त्या ओस पडू लागल्या आहेत, आणि बांध ढासळले की पावसाळ्यात रस्त्यावर येणारी दरड सम-विषम क्रमांक बघत नाही.

ज्यांना वाड्यात खोली परवडत नाही त्यांनी संध्याकाळी पायऱ्यांनी तोरेल्लोमार्गे मिनोरीला उतरावं. उतार गुडघ्यांची परीक्षा घेतो, पण खाली खोल्या स्वस्त आहेत, समुद्र हाताला लागतो, आणि घरांच्या गर्दीत एक खोल खड्डा आहे. १९३२ मध्ये तिथं पहिल्या शतकातला रोमन व्हिला सापडला. डोंगरावरून आलेल्या चिखलाच्या पुरानं तो शतकानुशतकं गाडून ठेवला होता. कमानींनी वेढलेलं अंगण, मध्ये तलाव, बाजूला गरम पाण्याची स्नानगृहं, आणि जेवणाच्या दालनात मागच्या भिंतीतून वाहतं पाणी, जेवणाऱ्यांना गारवा मिळावा म्हणून. मालकाचं नाव कळलेलं नाही. तो इथला रहिवासी नव्हता, रोममधला कुणी श्रीमंत असावा, आणि उन्हाळ्यापुरता येत असावा, एवढं अभ्यासक सांगतात.